खंड पडू देऊ नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बेचैन झालो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा वाढणार हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, मग हवेचे नमुने घेत बसायचं कशाला, असं विचारतेस. अगं, ठाऊक झालं ते कुणीतरी मोजत बसलं म्हणूनच! १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ च्या आसपास भाग होते. आज ४२० च्या वर आहेत. १९६४ मध्ये पैसे आटले, काही आठवडे मोजणी थांबली. नोंदींतली ती फट आजही तशीच आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांतून आठ लाख वर्षांची हवा मिळते, पण हुकलेला महिना त्यातून भरून निघत नाही. म्हणून सांगतो, खंड पडू देऊ नकोस.

ज्वालामुखीही हा वायू सोडतात, मग आळ माणसावरच का, असं कुणी म्हणालं आणि तू गप्प बसलीस! उत्तर तुझ्याच बाटल्यांत आहे. कोळसा आणि तेल वनस्पती आणि सूक्ष्मजीवांपासून झालेलं, म्हणून त्यात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, कमी. आणि इतकं जुनं, की काळाबरोबर नष्ट होत जाणारा कार्बन-१४ उरलेलाच नाही. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण घसरतंय. ज्वालामुखीमुळे ते असं घसरलं नसतं. ऑक्सिजनही घटतोय, इंधन जळताना घटावा तसा. समुद्र तर हा वायू उलट शोषून घेतोय. हे सगळं वर्षानुवर्षांच्या सलग नोंदींतूनच दिसतं.

गोव्यात काब द रामला १९९३ पासून नमुने घेत. किती नेमकी जागा! पावसाळ्यात समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा, हिवाळ्यात देशाच्या अंतर्भागातून येणारी. २००२ नंतर तिथेही खंड पडला. आपल्या देशाचा वाटा आपण मोजायचा नाही, तर कुणी मोजायचा?

मला लोक आयुष्यभर कारकून म्हणाले. आईच्या आजारपणात मी तिच्याजवळ फारसा नव्हतो, त्याची खंत आहेच. तरी नोंदींची वही कोरी राहू दिली नाही, आणि ते योग्यच केलं असं आजही वाटतं. कुणीतरी तिथे असायलाच हवं होतं.

काम सोडायचंच असेल तर सोड, रागावणार नाही. पण आधी तुझ्या जागी येणाऱ्याला शिकव. आणि कॅलिब्रेशनचा सिलिंडर, म्हणजे यंत्र तपासायचा ठरावीक प्रमाणाच्या हवेचा, संपत आला असेल तर आजच मागणी कर. नवा आला की जुन्याशी पडताळल्याशिवाय जोडू नकोस.