तबेल्यातला पहिला मार्च

घाबरू नकोस, काम खूप दिसतं, पण उरकतं. पुण्यात मार्चमध्ये ऊन लवकर चढतं, म्हणून खरारा (ब्रशने अंग घासणं), खूर, घोडे वेगळे करणं, सगळं दहाच्या आत. खराऱ्यात केस पुंजक्यांनी निघतील. ते या दिवसांत नेहमीचंच. सध्या एवढंच सांभाळ:

१. आधी आवाज दे, मग खांद्याच्या बाजूने जवळ जा. दोरी हाताला गुंडाळायची नाही. घोडा बुजला तर बोटं जातात.

२. खूर रोज बघ. खूर साफ करायचा आकडा टाचेकडून पुढे ओढायचा. मधला त्रिकोणी भाग मऊ असतो, तिथे जोर नको. काळपट ओल आणि कुजका वास आला तर नालबंदाला लगेच दाखव. एरवी तो ६ ते ८ आठवड्यांनी येतोच.

३. नवा घोडा थेट कळपात नको. आधी कुंपणापलीकडून ओळख होऊ दे.

नवशिके हमखास चुकतात ते चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात. लाडाने मूठ-मूठ वाढवतात! घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. लसूणघाससुद्धा हळूहळूच वाढव. पाणी मात्र सढळ, दिवसाला २५ ते ४५ लिटर. नाल ठोकायच्या भानगडीत इतक्यात पडू नकोस.