अमेरिकेतील पीएच.डी. प्रवेशाच्या निकालाची वाट पाहत असताना पुढच्या तयारीला कधी आणि कुठून लागावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा : संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून तुम्ही पुण्यात नोकरी करत आहात. येत्या ऑगस्टच्या सत्रासाठी अमेरिकेत पीएच.डी.चे सहा आणि एम.एस.चे दोन अर्ज केले होते. मार्चच्या मध्यापर्यंत तीन नकार आले, एका एम.एस.चा होकार आला आणि एका पीएच.डी.च्या वेटलिस्टवर तुमचे नाव आहे. उरलेल्या तीन पीएच.डी.च्या ठिकाणांहून अवाक्षर नाही. एम.एस.वाले ३१ मार्चपर्यंत डिपॉझिट मागत आहेत, आणि कर्ज, राजीनामा, घर यांपैकी कशाला आधी हात घालावा हे कळत नाही. मी याच विषयात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठातून पीएच.डी. केली असून, तिथे विद्यार्थी-प्रतिनिधी या नात्याने प्रवेशाचा हंगाम आतून पाहिला आहे. माझे मत थोडक्यात असे की, कोणत्याही विद्यापीठात गेलात तरी लागणारी कामे आजच सुरू करावीत आणि विशिष्ट गावाशी बांधून घालणारे एकही काम १५ एप्रिलपूर्वी करू नये.

आधी त्या तीन ठिकाणांच्या मौनाविषयी. पीएच.डी.चा प्रवेश म्हणजे बहुतेक ठिकाणी पाच वर्षांच्या पगाराची हमी असते. त्यामुळे विभागाला पुढच्या वर्षी अध्यापन साहाय्यकांच्या किती जागा असतील आणि कोणत्या प्राध्यापकाच्या अनुदानात किती पैसे उरतील, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. ज्यांना बोलावले ते सगळे येत नाहीत हे समितीला ठाऊक असते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्या फळीला पत्रे जातात आणि दुसऱ्या फळीतल्या अर्जांना होकारही कळवत नाहीत व नकारही. पहिल्या फळीतले विद्यार्थी मार्चमध्ये विभागांना भेटी देतात, आपापसात तुलना करतात, आणि पुष्कळजण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तर लांबवतात. तुमचे तीन अर्ज या दुसऱ्या फळीत असू शकतात, किंवा नकार ठरूनही तो कळवण्याचे काम कारकुनी रांगेत पडलेले असू शकते. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. अर्जाच्या पोर्टलवरच्या ‘विचाराधीन’ या शब्दावरून काहीही ठरवू नका, कारण विभागाचा निर्णय मध्यवर्ती कार्यालयाकडे जाऊन तिथे नोंदला जाईपर्यंत तो शब्द बदलत नाही.

१५ एप्रिल या तारखेबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. अमेरिकेतील ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या संस्थेचा एक ठराव असून त्यावर शेकडो विद्यापीठांनी सह्या केलेल्या आहेत. विद्यावृत्ती किंवा असिस्टंटशिप (म्हणजे अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाची पगारी जागा) देऊ करणाऱ्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालता येत नाही, असे तो ठराव सांगतो. सही करणाऱ्या विद्यापीठांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर असते, ती तुमच्या अर्जांशी ताडून पाहा. मात्र हा ठराव आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावांपुरताच आहे. तुम्हाला आलेला एम.एस.चा होकार स्वखर्चाचा असल्यामुळे ३१ मार्चची मुदत घालण्यात त्या विद्यापीठाने कोणताही नियम मोडलेला नाही. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे वेळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळे पुढे सरकतात आणि त्यानंतर शिकागोच्या पट्ट्यातील विद्यापीठे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात. तिथले कार्यालय सकाळी आठला उघडते तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्यामुळे सकाळी उठल्यावर एकदा मेल पाहिली की दिवसभर फोन हातात घेऊन बसण्याचे काहीही कारण नाही, निदान कामाचे तास तरी शांतपणे काढता येतील.

डिपॉझिटबाबत माझा सल्ला असा की, आज रात्रीच एम.एस.च्या कार्यालयाला मेल पाठवून १५ एप्रिलनंतरपर्यंत मुदत मागावी. पीएच.डी.च्या निकालाची वाट पाहत आहे असे सरळ लिहावे, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि अशी विनंती त्यांना दरवर्षी येतेच. मुदत मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर रकमेकडे पाहा. ती सहसा काहीशे डॉलर असते आणि परत मिळत नाही. तो एम.एस. तुम्ही खरोखर कर्ज काढून करणार असाल, तरच ती रक्कम भरण्यात अर्थ आहे. केवळ हातात काहीतरी असावे म्हणून भरू नका. ज्या अभ्यासक्रमाचा दोन वर्षांचा खर्च चाळीस लाखांच्या पुढे सहज जातो, त्याचा निर्णय मार्च महिन्यातल्या अस्वस्थतेवर सोपवणे मला मुळीच पटत नाही.

वेटलिस्टवाल्या विभागाला एकच मेल लिहावी, तीही विभागप्रमुखांना न लिहिता प्रवेशाचे काम पाहणाऱ्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला. हे पद कारकुनी वाटते, पण कोणाचे उत्तर आले आणि कोणाचे यायचे आहे याची खरी नोंद याच व्यक्तीकडे असते. मेलमध्ये चार-पाच वाक्ये पुरतात : अजून रस आहे, अर्जानंतर अमुक निबंध स्वीकारला गेला किंवा अमुक प्रकल्प पूर्ण झाला, आणि प्रस्ताव आल्यास किती दिवसांत उत्तर देऊ. ‘तुमचाच विभाग माझी पहिली पसंती आहे’ हे वाक्य खरे असेल तरच लिहा, कारण १४-१५ एप्रिलला जागा सुटते तेव्हा पटकन हो म्हणेल अशा उमेदवाराला समिती आधी विचारते आणि मग शब्द फिरवणे फार अवघड होते. त्या दोन दिवसांत मेल आणि फोन दोन्ही चालू ठेवा. शिकागोच्या पट्ट्यात १५ तारखेचे दुपारचे पाच म्हणजे आपल्याकडे १६ तारखेच्या पहाटेचे साडेतीन.

आता कुठेही गेलात तरी लागणाऱ्या कामांकडे वळतो. पहिले काम नावाचे. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि वडिलांचे नाव कधी स्वतःच्या नावाला जोडलेले असते, कधी नसते. क्रमातला फरक सहसा चालून जातो, पण स्पेलिंगमधला चालत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंत सगळे कागद पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा, कारण दुरुस्तीला महिने लागतात आणि जूनमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काय गर्दी असते हे तुम्ही जाणताच. पदवी प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर आताच काढा आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचे) दोन-तीन संच जास्तीचे घेऊन ठेवा. मूळ पदवी वेळेत न पोचल्यामुळे दुसऱ्या सत्राची नोंदणी अडवली गेलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दुसरे काम लसींचे, आणि इथे भारतीय विद्यार्थी हमखास अडखळतात. बहुतेक विद्यापीठांना गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचे, म्हणजे एमएमआरचे, दोन डोस लागतात. दोन्ही पहिल्या वाढदिवसानंतरचे आणि त्यांत किमान २८ दिवसांचे अंतर ठेवून घेतलेले असावे लागतात. आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देत असल्यामुळे ती या हिशेबात धरली जात नाही. लहानपणचे कार्ड सापडले तर उत्तम, पण त्यावर नववा महिना आणि पुढचा एकच डोस असेल तर दुसरा आता घ्यावा लागेल. कार्डच नसेल तर दोन्ही डोस पुन्हा घ्यावेत किंवा रक्त तपासून प्रतिकारशक्ती असल्याचा अहवाल घ्यावा. क्षयरोगाच्या तपासणीतही अशीच गंमत आहे. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीच्या एक्स-रेपासून सारे सुरू होते, म्हणून पर्याय असेल तिथे रक्ताची चाचणीच मागावी. याच फेरीत दात आणि चष्मा उरकून घ्या, कारण विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यात हे दोन्ही बहुधा नसते किंवा त्यासाठी वेगळा हप्ता पडतो.

कर्जाविषयी एवढेच की, पीएच.डी.चा सहाय्यासह प्रस्ताव आला तर व्हिसासाठी लागणाऱ्या आय-२०ला (विद्यापीठ देते त्या प्रवेशाच्या प्रमाणपत्राला) ते प्रस्तावाचे पत्रच आर्थिक पुरावा म्हणून चालते. तुम्हाला फार तर विमानाचे तिकीट आणि पहिल्या दोन महिन्यांची तजवीज करावी लागेल. एम.एस.साठी मात्र पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो. तारण ठेवून कर्ज काढणार असाल तर घराची कागदपत्रे आताच जमवायला घ्या, कारण बँकेच्या पॅनेलवरचा वकील मालकी हक्काचा शोध अहवाल देतो त्यालाच सर्वांत जास्त दिवस लागतात. इंडेक्स टू, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, मूळ खरेदीखत यांपैकी एखादा कागद नेमका गावाकडच्या कपाटात निघतो. शेतजमिनीवर विसंबू नका, बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी ती तारण घेत नाहीत. कागद जमवणे आणि कर्जावर सही करणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत, सहीची घाई नाही.

राजीनाम्याचा प्रश्न यांत सर्वांत नाजूक आहे, कारण तुमचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे. प्रस्ताव स्वीकारल्यावर आय-२० ई-मेलने येते, मग सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर भरायचे, मग व्हिसाचा अर्ज, आणि मग बोटांचे ठसे व मुंबईच्या बीकेसीतील वाणिज्य दूतावासात मुलाखत अशा दोन वेगळ्या तारखा. एप्रिलच्या मध्यावर निकाल लागला तरी मुलाखत मे-जूनच्या गर्दीतच सापडते. २०२५ साली मेच्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या तारखा देणेच थांबवले होते, हे लक्षात घेऊन हातात सवड ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात निघायचे तर मेच्या पूर्वार्धात राजीनामा द्यावा लागेल, म्हणजे व्हिसा हाती येण्यापूर्वीच. म्हणून नोटीस कमी करून घेता येते का, उरलेल्या रजा त्यात वळत्या करता येतात का, पैसे भरून सुटता येते का, हे नियुक्तिपत्रात आताच वाचून ठेवा. वरिष्ठांशी मात्र प्रस्ताव स्वीकारल्यावरच बोला. वेटलिस्टच्या भरवशावर ‘मी बहुधा जाणार’ असे सांगून ठेवल्यास पगारवाढीच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते.

घराचे आज काहीच करू नका. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहाची किंवा सदनिकांची प्रतीक्षायादी असेल आणि नाव घालायला किरकोळ शुल्क असेल, तर तेवढा अपवाद करावा. बाहेरचे भाडेकरार सहसा बारा महिन्यांचे असतात. विस्कॉन्सिनमधील मॅडिसनसारख्या विद्यापीठाच्या गावात ते बहुतांशी १५ ऑगस्टला सुरू होतात आणि पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला संपतात. त्या रात्री अर्धे गाव सामानासह फुटपाथवर असते आणि नव्या विद्यार्थ्याचे निम्मे फर्निचर तिथूनच उभे राहते (गादी मात्र उचलू नये, ढेकूण घरात येतात). जागा निवडताना विभागापासूनच्या अंतरापेक्षा बसमार्ग किती जवळ आहे ते पाहा, कारण जानेवारीत बर्फातून वीस मिनिटे चालणे नकाशावर दिसते तसे नसते. न पाहिलेल्या घरासाठी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका. तिथल्या भारतीय विद्यार्थी मंडळाकडून पहिल्या आठवड्याची सोय होते आणि घर तिथे गेल्यावर प्रत्यक्ष पाहता येते.

पीएच.डी.चे पत्र आलेच तर त्यातल्या पगाराच्या आकड्याखाली दोन गोष्टी शोधा. पगार नऊ महिन्यांचा आहे की बारा, आणि शिक्षणशुल्क माफ असले तरी विद्यापीठाची इतर अनिवार्य शुल्के आपल्याच खिशातून जातात का. ऑगस्टमध्ये पोचलेल्याला पहिला पगार सप्टेंबरच्या अखेरीस हाती पडतो, असेही पुष्कळ ठिकाणी होते, तोवर घराचे डिपॉझिट आणि दोन भाडी देऊन झालेली असतात. अध्यापन साहाय्यक होणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या बोलण्याची चाचणी अनेक विद्यापीठे घेतात. तेव्हा रिकाम्या संध्याकाळी प्रतिगमनाचे (रिग्रेशनचे) एखादे उदाहरण फळ्यासमोर उभे राहून इंग्रजीत मोठ्याने समजावून पाहा.

१५ एप्रिलनंतर हाती फक्त एम.एस. उरला, तर माझ्या मते तो सोडून वर्षभर थांबणे तुमच्या बाबतीत अधिक शहाणपणाचे आहे, कारण तुम्हाला संशोधनच करायचे आहे आणि एम.एस्सी. तुमच्याकडे आहेच. त्या वर्षात गणितीय विज्ञान या विषयात सीएसआयआर-नेट ही संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय परीक्षा देता येते. भारतीय सांख्यिकी संस्था आणि आयआयटींचे पीएच.डी. प्रवेश याच महिन्यांत सुरू असतात, त्यांच्या जाहिराती या आठवड्यातच पाहून घ्या, काहींची मुदत एप्रिलपूर्वीच संपते. आणि पीएच.डी.चा होकार आला तर तो स्वीकारल्याच्या दिवशीच उरलेल्या सर्व विद्यापीठांना अर्ज मागे घेत असल्याचे कळवा. दोन ओळी पुरतात, आणि तिथल्या वेटलिस्टवर तुमच्यासारखेच कोणीतरी ताटकळत असते.