चामखीळ काढला तर कॅन्सर होतो का हो मॅडम?

मी समुपदेशक आहे, स्किनची डॉक्टर नाही, तरी हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. येणारी बाई सांगते झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कुठे जावंसं वाटत नाही, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत पदर जरा बाजूला करून मान दाखवते, हे बघा ना, हे काय असेल. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगते, पण मी काढणार नाही हां, काढलं की कॅन्सर होतो.

आज एका वहिनींचं सांगते, त्यांना विचारून लिहितेय, गाव आणि घरचे तपशील बदललेत. वय साधारण पंचेचाळीस, मालवणकडच्या, घरातूनच खानावळ चालवतात. माझ्याकडे आल्या त्या सासूशी वाद होतात म्हणून. वाद कशावरून, तर वहिनींनी मंगळसूत्र घालायचं बंद केलं होतं आणि नवरा चांगला धडधाकट असताना ही बोडका गळा घेऊन गिऱ्हाईकांपुढे फिरते असं सासूबाईंचं म्हणणं, शेजारणींनी त्यात आणखी तेल ओतलेलं. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. मानेवर बारीक बारीक लोंबणारे चामखीळ आले होते आणि मंगळसूत्राची चेन त्यात अडकायची, एकदोनदा रक्त पण आलं होतं. गालांवर काळे ठिपके वाढत होते ते वेगळेच. म्हणजे नवरा-बायकोचं काहीच बिनसलं नव्हतं, पण बाई वर्षभर टोमणे खात होती.

मी विचारलं, मग दाखवलं का नाही कोणाला? तर म्हणाल्या, "ह्या काय चांगला नाय मॅडम, पण हात लावला तर आणि वाढतला."

हे वाक्य नीट बघा, त्यात दोन भीत्या आहेत आणि त्या एकमेकींना घट्ट धरून बसल्यात. एक म्हणजे हे वाईट असणार, आणि दुसरी म्हणजे हे बघायला गेलो तर वाईट होणार. नुसती पहिली असती तर माणूस डॉक्टरकडे पळाला असता. नुसती दुसरी असती तर राहूदे म्हणून विसरला असता. दोन्ही एकदम असल्या की ना इकडे ना तिकडे, वर्षानुवर्षं आरशासमोर उभं राहून मोजत बसायचं. मी बघितलेल्या बहुतेक जणी इथेच अडकलेल्या असतात.

भीती आली कुठून तेही विचारलं. दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे चुलत सासरे, त्यांच्या पाठीवरची गाठ मुंबईला कापली "आणि मग कॅन्सर झाला". मी म्हटलं वहिनी, मला तारखेवार सांगा, आधी काय झालं, मग काय झालं. त्या सांगत गेल्या, गाठ दोन वर्षं होती, वाढत होती, मधेच रंग बदलला, शर्टाला रक्त लागायला लागलं, मग डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट आला. एवढं बोलून स्वतःच थांबल्या. "म्हणजे तेंका आधीपासूनच होता तो." मी काही समजावलं नाही, समजावलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. कापल्यामुळे साध्या वाढीचा कॅन्सर होत नाही, कापल्यामुळे आधी असलेला कळतो, आणि घरात मात्र लक्षात राहते ती कापल्याची तारीख.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास, काजूचा चीक. नणंदेने मार्च-एप्रिलच्या सीझनला ओल्या काजूबीचा चीक मानेवरच्या एका चामखिळावर लावला, चामखीळ जागेवर राहिला आणि आजूबाजूची कातडी भाजून काळा चट्टा पडला. ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात बघितलेत ना? काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, त्याला चामखीळ कुठला आणि चांगली कातडी कुठली ते कळत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर असा भाजल्याचा डाग महिनोन्महिने राहतो. पण घरात अर्थ लावला गेला की बघा, हात लावला आणि वाढलं. चुना, चामखिळाला केस बांधणं, ऑनलाइन मिळणारे थेंब आणि चामखीळ जाळायची पेनं, सगळं याच रांगेतलं. पार्लरमध्ये सुईने काढून घेणाऱ्या पण आहेत, तिथे तीच सुई आधी कोणाला लागली ते कोण सांगणार, हिपॅटायटिस बीची कावीळ अशीच पसरते.

पसरतं या समजुतीत थोडं खरं आहे, नाही असं नाही. हातापायावर, बोटांवर जे खरखरीत चामखीळ येतात ते व्हायरसचे असतात, एचपीव्हीचे, ते खाजवले, ब्लेडने खरवडले तर बाजूला नवीन येतात, घरातल्या दुसऱ्याला पण येऊ शकतात. मानेवर, काखेत, जांघेत लोंबणारे मऊ असतात ते वेगळे, स्किन टॅग म्हणतात डॉक्टर, ते एकाचे दुसऱ्याला होत नाहीत, कापून पसरत नाहीत. कुठला कुठला हे मात्र घरी बसून ठरवायचं नाही.

तर तोडगा काय काढला. मी म्हटलं, दाखवायला जायचं आणि काढायला जायचं ही दोन वेगळी कामं आहेत, तुम्ही फक्त पहिलं करा. दुसऱ्याचा विचार पण करू नका. आत गेल्या गेल्या डॉक्टरांना काय सांगायचं ते वाक्य आम्ही दोघींनी मिळून पाठ केलं, "आज कायएक कापूचा नाय हां डॉक्टरांनू, फक्त बघा." हसू नका, या एका वाक्यावर बाई कुडाळला गेली.

डॉक्टरीण बाईंनी लाइटवालं भिंग लावून एकेक बघितलं, पाच-दहा मिनिटांचं काम. मानेवरचे स्किन टॅग. गालावरचे ठिपके डीपीएन, म्हणजे डर्माटोसिस पॅप्युलोसा नायग्रा, साधे काळे बारीक उंचवटे, सावळ्या लोकांत खूप दिसतात, घराण्यात असतात, वहिनींच्या आईला होतेच. पाठीवर एक तपकिरी खरबरीत, चिकटवल्यासारखा डाग होता जो वहिनींना दिसत पण नव्हता, तो सेबोरिक केराटोसिस, वयाबरोबर येणारा. तिन्ही साधे, काढायलाच पाहिजे असं एकही नाही, पण चेनला अडकणारे काढले तर त्रास वाचेल एवढं सांगितलं आणि घरी पाठवलं. झोप त्याच आठवड्यात सुधारली, अजून एकही चामखीळ निघाला नव्हता तरी.

काढून घ्यायचं त्यांनीच ठरवलं, चतुर्थीच्या आधी, चाकरमानी येणार म्हणून. इथे एक सांगते, गणपतीच्या दोन दिवस आधी जाऊ नका, निदान तीन आठवडे तरी हातात ठेवा. बधिर करायचं क्रीम लावून वर प्लास्टिक, पाऊण तास-तासभर बसायचं, मग रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मशीनच्या बारीक टोकाने एकेक जाळून काढतात. जळका वास येतो, त्याला घाबरू नका. खपल्या आठ-दहा दिवसांत आपोआप पडल्या, ओढायच्या नाहीत, आणि पावसाळ्यातल्या चिकट घामाने त्या ओल्या राहू द्यायच्या नाहीत, त्यात खानावळीतली चूल, म्हणून दोन दिवस जावेला चुलीपाशी बसवलं. खाली आधी गुलाबी, मग तपकिरी डाग राहतो, तो हळूहळू जातो, सनस्क्रीन लावायचं. लिक्विड नायट्रोजनने गोठवून पण काढतात, मायनस १९६ डिग्रीचं असतं ते, पण त्याने आपल्या रंगावर पांढरा डाग राहू शकतो म्हणून डॉक्टरीण बाईंनी ते नको म्हटलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, जखमेचे व्रण फुगून वर येत असतील तर आधीच सांगा. आणि नवीन चामखीळ नंतर येऊ शकतात, ते जुनेच परत आले असं नसतं.

गालावरचे ठिपके वहिनींनी ठेवले. डाग राहायची शक्यता ऐकली आणि म्हणाल्या असू देत.

साधं समजून सोडून देऊ नये असं पण असतं, ते डॉक्टरीण बाईंनी वहिनींना सांगितलं ते तसंच देते: तीळ एका बाजूने वाढतोय, कडा वेड्यावाकड्या, दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, आपोआप रक्त येतं किंवा महिनाभर जखम भरत नाही, तर थांबायचं नाही. आपल्या लोकांत तळपाय, तळहात आणि नखाखाली नवीन काळा डाग दिसला तर जास्त लक्ष. अनवाणी चालणाऱ्यांनी अधूनमधून तळवे बघावेत. असलं काही असेल तर जाळत नाहीत, कापून तपासायला पाठवतात.

आता राहिली ती न मागितलेली भेट. मानेवर खूप स्किन टॅग आणि मानेची कातडी मखमलीसारखी काळपट जाड दिसली म्हणून डॉक्टरीण बाईंनी साखर तपासायला लावली होती, शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की असं दिसतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर. वहिनी माझ्याकडे तणतणत आल्या, "चामखीळ दाखवूक गेलंय नि साखर घेवन इलंय!"

सध्या आमच्या भेटी त्यावरच चालल्यात. संध्याकाळी चालायला तयार आहेत, चहातली साखर गेली, पण दुपारचा भात कमी करा म्हटलं की "भात नाय तर जेवान कसला?" म्हणतात, आणि स्वतःच खानावळवाल्या, त्यांना मी काय सांगणार.