पहिला स्कॅफोल्ड करताय? आधी मणी निवडा

स्कॅफोल्ड म्हणजे पेशींना वाढायला दिलेला भोकाभोकांचा सांगाडा. त्यात पेशी वाढवायची घाई पहिल्या महिन्यात नको गं. आधी भोकं जमू देत. जिलेटिनचे मणी आणि पीएलजीए (शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक) घे. मण्यांच्या मधल्या जागेत पीएलजीए भरायचं, मग मणी विरघळवून काढायचे; त्यांच्या जागी भोकं उरतात. मणी काढायला कोमट पाणी पुरतं.

सगळा खेळ मण्यांचा आहे. आपल्याकडे मागावर एक धागा तुटला तरी विणकर हात थांबवतो, तसंच इथं. दोन चाळण्यांमधून काढलेले, साधारण २०० मायक्रॉनचेच मणी घे. लहानमोठे मिसळले की रचना विस्कटते.

दुसरं, मणी एकमेकांना चिकटलेच पाहिजेत. ओलसर उबेत ठेवले की टेकतात तिथं जोड तयार होतो, आणि मणी विरघळल्यावर तीच खिडकी होते. मी पहिल्यांदा ही पायरी गाळली होती. तुकडा वरून छान पांढरा, पण ब्लेडनं कापला तर आत मणी जसेच्या तसे! पाण्याला आत जायला वाटच नव्हती, मग पेशी कुठून जाणार? उलट, फार वेळ ठेवलेस तर नुसता गोळा होतो. सोलापूरच्या मे महिन्यात तर ओले मणी टेबलावरच एकमेकांना बिलगतात, तेव्हा बर्फ जवळ ठेव.

नवशिके हमखास चुकतात ते इथं: कोरडा तुकडा थेट मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, टाकतात आणि तो बुचासारखा तरंगत राहतो. आधी इथेनॉलमध्ये भिजव, बुडबुडे जाऊ देत, मग बफरनं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणानं) दोनतीनदा धू.

वाढघटक (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं), लेप वगैरे नंतर. पहिला तुकडा कापलास की सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो तेवढा दाखव.