उगवतीला काय, मावळतीला काय

कवळे, फोंडा
आषाढ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेअकराला आला. वीज गेलेली, म्हणून फोनच्याच उजेडात वाचला. एका मेसेजात तू दोन गोष्टी कोंबल्यास. वर आजोबांच्या पेटीतल्या कागदाचा फोटो आणि "सर, यात काय लिहिलंय?" खाली, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नसल्यासारखं, "सगळी स्पॅनिश घेतायत. मीही घेऊ? की फ्रेंच? तुम्ही पोर्तुगीजच म्हणणार, माहीत आहे."

तुझा अंदाज चुकला. मी पोर्तुगीज म्हणणार नाही. पण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदमच देईन, कारण मला ते वेगळे दिसत नाहीत.

आधी ही 'सगळी' म्हणजे कोण ते बघू. अमेरिकेतल्या कॉलेजांत परभाषा घेणाऱ्या मुलांपैकी साधारण निम्मी एकटी स्पॅनिश घेतात. फ्रेंच दुसरी येते, पण फार मागून. त्यांचं समजू शकतं. शेजारी मेक्सिको, दुकानाच्या पाटीवर स्पॅनिश, घरी नळ दुरुस्त करायला येणारा माणूस स्पॅनिश बोलणारा. इंग्लंडात फ्रेंचचा मान किती जुना, पण तिथेही २०१९ साली ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, स्पॅनिशची मुलं फ्रेंचपेक्षा जास्त भरली. खुद्द फ्रान्समधली पोरं इंग्रजीनंतरची दुसरी परभाषा म्हणून बहुतेक स्पॅनिशच घेतात. ब्राझीलनं तर २००५ साली कायदा करून वरच्या वर्गांत स्पॅनिश शिकवायला लावली आणि २०१७ साली तो कायदा गुंडाळूनही ठेवला. सरकारं सगळीकडे सारखीच.

याचं मूळ शोधायला गेलीस तर १४९४ पर्यंत मागे जावं लागेल. स्पेन आणि पोर्तुगालनं तोर्देसिल्यास गावी तह केला, अटलांटिक समुद्रात एक रेघ मारली आणि पलीकडचं तुझं, अलीकडचं माझं अशी वाटणी करून टाकली. ज्यांची जमीन वाटली त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. त्या वाटणीत आपल्याकडे पोर्तुगीज आले आणि अमेरिकेचा बहुतेक भाग स्पेनच्या पदरात पडला. म्हणून आज स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे आणि ती मातृभाषा असणारी माणसं ४८-५० कोटींच्या घरात आहेत.

गंमत अशी की १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजांकडे होती, म्हणजे गोव्याचा राजाही तोच. पण इथला कारभार पोर्तुगीजमध्येच चालला. आणि जुन्या गोव्यात ज्यांच्या दर्शनाला एवढी रीघ लागते ते 'गोंयचो सायब', म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, नवारचे, म्हणजे आजच्या स्पेनमधले. त्यांची मातृभाषा मात्र बास्क! स्पॅनिश दोनदा आपल्या पायरीपर्यंत आली आणि आत न येता परत गेली. आता तिसऱ्यांदा येतेय ती तुझ्या फोनमधून.

आपल्याकडे परभाषा म्हणजे फ्रेंच, हे समीकरण शाळेनं पक्कं केलं. मी स्वतः सत्तावीस वर्षं फ्रेंच शिकवली, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. बहुतेक मुलं ती मार्कांसाठी घेत. शंभरात पंच्याण्णव मिळवलेल्या पोरांना पॅरिसमध्ये साधं पाणी मागता आलं नसतं, आणि यात दोष पोरांचा नव्हता, आमचा होता. एक गोष्ट बघ. फ्रेंच मातृभाषा असणारे जगात आठ कोटींच्या आसपास, पोर्तुगीजवाले वीस कोटींहून जास्त. तरी शिकणाऱ्यांची गर्दी फ्रेंचकडे. आफ्रिकेतले कितीतरी देश, दूतावासांचा कारभार, शिवाय जुनी प्रतिष्ठा, हे सगळं फ्रेंचच्या पारड्यात पडतं. डोकी मोजून कुणी भाषा निवडत नाही. याच लॅटिन कुळातली इटालियन गाण्यासाठी, चित्रांसाठी, कुणावर तरी जीव जडला म्हणून शिकतात, त्यांना सल्ला लागत नाही. त्याच कुळातली रोमानियन घेतलेला एकही विद्यार्थी मला आयुष्यात भेटला नाही, बिचारी.

आणि पोर्तुगीज? माझे वडील सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची परीक्षा, झालेले. सही पोर्तुगीज वळणाची, जमाखर्च मात्र मराठीत. आपल्या फोंड्याकडे पोर्तुगीज राज्य आलंच अठराव्या शतकात, त्यामुळे तिसवाडी-सासष्टीसारखी ती भाषा घराघरांत मुरली नाही. ती कचेरीत राहिली, नोटरीकडे राहिली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर कचेरीतूनही गेली आणि उरली ती पेट्यांत. तुझ्या आजोबांच्यासारख्या.

आता स्पॅनिश सोपी म्हणतात त्याबद्दल. लिहिली तशी वाचायची, स्वर पाचच, आ ए इ ओ उ. आपल्या ञ सारखं अक्षरही आहे. देवनागरीत वाढलेल्या माणसाला फ्रेंचच्या मुक्या अक्षरांनंतर हे माहेरी आल्यासारखं वाटतं. पण हा पाहुणचार पहिले सहा महिने. मग भूतकाळाच्या दोन तऱ्हा येतात, 'असणे'ची दोन क्रियापदं येतात. 'एस आबुर्रीदा' म्हटलंस तर ती बाई कंटाळवाणी, 'एस्ता आबुर्रीदा' म्हटलंस तर ती कंटाळलेली. एका अक्षरात समोरचीचा अपमान. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी या सगळ्या बहिणींना, स्पॅनिश असो, पोर्तुगीज असो, इटालियन असो, वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास धरते. तू पाठवलेल्या जाहिरातीतला वर्ग 'तीन महिन्यांत फाडफाड' म्हणतोय, आठवड्याला तीन तास. म्हणजे एकोणचाळीस तास. फाडफाड काय होणार ते तूच ठरव.

गर्दीचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. स्पॅनिशला शिक्षक मिळतो, जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतात, रात्री अकरालाही कुणीतरी बोलायला सापडतं, आणि तू जी चूक करशील ती आधी लाखोंनी केलेली असते, त्यामुळे ती कशी सुधारायची हेही लिहून ठेवलेलं असतं. पोर्तुगीज शिकताना मला हे सुख नव्हतं. पण गर्दीचा तोटा त्याच रस्त्यावर पुढे उभा आहे. थोडीशी स्पॅनिश आता पैशाला पासरी झालीय. पुण्या-बंगळूरच्या कंपन्या ज्या कामाला माणूस घेतात त्याला बी-२ पातळी (युरोपीय मोजपट्टीवरच्या सहांतली चौथी) लागते, दाखला लागतो, आणि पलीकडचा चिडलेला ग्राहक पेरूचा आहे की माद्रिदचा हे कानाला कळावं लागतं. अर्ध्यावर सोडलेल्या स्पॅनिशला कुणी पगार देत नाही. कळंगुटच्या हॉटेलात उपयोग होईल म्हणत असशील तर तिथे रशियन जास्त चालेल.

'पगार' लिहिलं आणि थांबलो. हा शब्द पोर्तुगीज 'पागार'चा, म्हणजे पैसे चुकते करणे. स्पॅनिशमध्येही तोच. असे शब्द आपण रोज तोंडात घोळवतो. आसगावात जन्मलेले धर्मगुरू मोन्सेन्योर दालगादो यांनी १९१३ सालीच आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ करून ठेवला. त्यातलं एकच उदाहरण हातात घे, चावी. मूळ लॅटिन 'क्लाविस'. फ्रेंचमध्ये ती 'क्ले' झाली, इटालियनमध्ये 'क्यावे', स्पॅनिशमध्ये 'यावे', पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह'. आता पाऊस घे, बाहेर धो धो आहेच. फ्रेंच 'प्लुई', इटालियन 'प्योज्जा', स्पॅनिश 'युव्या', पोर्तुगीज 'शुवा'. फ्रेंचनं ल राखला, इटालियननं त्याचा य केला, स्पॅनिशनं ल च्या आधीचं व्यंजन गिळलं, पोर्तुगीजनं दोन्ही मिळून श केला. ही वळणं एकदा ध्यानात आली की एक शब्द पाठ केलास तर तीन ओळखू येतात. आणि आपण 'शावी' न म्हणता 'चावी' का म्हणतो? पोर्तुगीज इथे उतरले तेव्हा तेही 'च'च म्हणत. पुढे त्यांचा च बदलून श झाला. आपण मात्र सोळाव्या शतकातला उच्चार किल्लीसकट सांभाळून ठेवलाय.

याच वळणांनी मला एकदा खड्ड्यात घातलं, तेही सांगतो, कारण तू तिथूनच जाणार आहेस. पन्नाशी उलटल्यावर मी स्पॅनिशच्या परीक्षेला बसलो. पोर्तुगीज येत असल्याचा माज होता. श चा च केला की झाली स्पॅनिश, हा माझा हिशेब. लेखी परीक्षेत खोडरबर सापडेना. पोर्तुगीजमध्ये खोडरबर म्हणजे 'बुर्राशा'. मी हिशेबाप्रमाणे श चा च केला आणि पर्यवेक्षक बाईंना अदबीनं विचारलं, तुमच्याकडे एखादी 'बोर्राचा' आहे का? स्पॅनिशमध्ये बोर्राचा म्हणजे झिंगलेली बाई. खोडरबराला तिथे 'गोमा' म्हणतात. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग शेजारच्या मुलीचं खोडरबर उचलून माझ्या बाकावर ठेवलं. पुढचा तास मी एकही अक्षर खोडलं नाही. असाच 'प्रोपीना' शब्द. स्पेनमध्ये वेटरला दिलेली बक्षिशी, पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी, ब्राझीलमध्ये लाच. म्हणून दोन्ही भाषा एकदम सुरू करू नकोस. एक घट्ट बसेपर्यंत दुसरीचं फक्त वाचायचं, बोलायचं नाही.

तर सांगायचं ते हे. तुला नोकरी हवी आहे, ती घरापासून लांब चालेल म्हणतेस, आणि मेस्सीच्या मुलाखती तू खालच्या इंग्रजी ओळींशिवाय ऐकायची धडपड करतेस हे तुझ्या आईनं मला सांगितलंय. स्पॅनिश घे. मैत्रिणी घेतात म्हणून नव्हे, त्या मुलाखतींसाठी घे, म्हणजे सातव्या महिन्यात वर्ग रिकामा होईल तेव्हा तू बसलेली असशील. बी-२ होईपर्यंत सोडू नकोस. स्पेन सरकारची सर्वांतेस संस्था दिल्लीला २००९ पासून आहे, तिच्या अभ्यासक्रमाशी तुझा वर्ग ताडून बघ, आणि पैसे भरण्याआधी शिक्षकाला एक धडा फुकट बसू द्या म्हणून विचार.

माझ्या पोर्तुगीजचं काय? पोर्तुगीज बोलणाऱ्याला स्पॅनिश कानानं बरीच कळते, उलट मात्र तितकं जमत नाही, कारण पोर्तुगीज माणूस स्वर खातो. पण कागद स्वर खात नाही. नीट स्पॅनिश आलेला माणूस लहानसा कोश घेऊन पोर्तुगीज दस्तऐवज वाचू शकतो. पुढे गोडी लागली तर पणजीत पोर्तुगीजचे वर्ग आहेत, ताळगाव पठारावर विद्यापीठात तर एम.ए.पर्यंत सोय आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी इथल्या पोर्तुगीज दफ्तरखान्यात आयुष्य घालवून मराठ्यांच्या इतिहासाचे धागे त्या कागदांतून बाहेर काढले. आपल्याला निदान घरची चतुःसीमा तरी वाचता यावी.

फोटो मोठा करून पहिल्या दोन ओळी लावल्या. 'ऊमा व्हार्झिया देनोमिनादा', म्हणजे अमुक नावाची भातशेती. शेताचं नाव कसरीनं खाल्लंय. मग 'नाशेंत' आणि 'पुएंत'. पूर्व-पश्चिम असं नाही लिहिलेलं, शब्दशः उगवती आणि मावळती, जसं तुझे आजोबा बोलायचे. स्पॅनिशमध्ये तेच 'नासिएंते' आणि 'पोनिएंते'. उगवतीला 'रेगातु' आहे, म्हणजे ओहळ. मावळतीला देवस्थानची जमीन. तिसऱ्या ओळीत 'मेतादे' स्पष्ट दिसतंय, स्पॅनिशमधलं 'मिताद', म्हणजे अर्धा हिस्सा. कशाचा आणि कुणाचा, ते घडीखाली गेलंय.

रविवारी सकाळी ये, पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर, म्हणजे चहाबरोबर ताजी पोंय मिळेल. मूळ कागद आण, वहीत घालून, वर प्लॅस्टिकची पिशवी. बसमध्ये घडी उलगडायला जाऊ नकोस, या हवेत ती तिथेच फाटेल. कोर्टात लागायचा झाला तर वकील रीतसर भाषांतर मागेल, ते तुझं-माझं काम नव्हे. पण तो अर्धा हिस्सा कुणाचा हे आपल्याला आधी कळलेलं बरं. तोवर तुझ्या काकांपाशी यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
सर