वाचकांचे प्रश्न : युरोपातील चर्च आणि आपला पोशाख

प्रश्न : येत्या मे महिन्यात मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे एका सहल कंपनीबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस व रोम पाहण्यास जाणार आहोत. सासूबाई जन्मभर लुगडे नेसत आल्या आहेत, मी पाचवारी साडी नेसते आणि यजमानांचा वेश पांढरा सदरा, पायजमा व टोपी असा असतो. तिकडच्या चर्चमध्ये कपड्यांचे कडक नियम असतात, तेव्हा तिघांनीही पँट आणि टी-शर्ट घ्यावेत, असा मुलीचा आग्रह आहे. काय करावे?
– एक वाचक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, नियम कडक असतात हे आपल्या मुलीने बरोबर ऐकले आहे, त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मात्र अगदी उलटा आहे. रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिका, त्यालगतची व्हॅटिकन संग्रहालये व सिस्टीन चॅपेल, व्हेनिसचे सेंट मार्क्स आणि मिलानचे कॅथेड्रल या सर्व ठिकाणची मुख्य अट एकच आहे, ती म्हणजे स्त्री असो वा पुरुष, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ही अट बिनबाह्यांचे टी-शर्ट व अर्ध्या चड्ड्या घालून हिंडणाऱ्या पर्यटकांसाठी आहे. लुगडे, साडी, पंजाबी ड्रेस किंवा सदरा-पायजमा यांपैकी कशालाही तिचा अडसर होत नाही. आपल्याकडे बिनबाह्यांची पोलकी असतील तर तेवढी घरी ठेवावीत, किंवा आत जाताना पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा. ग्रीसमधील मेटिओराच्या मठांत तर स्त्रियांना पँट घालून प्रवेश मिळत नाही आणि पँट घातलेल्या मुलींना दारातच कमरेभोवती गुंडाळण्यासाठी वस्त्र देतात. तिथे गेलात तर आपल्या साडीला कोणी हरकत घेणार नाही, पण मुलीच्या जीन्सला नक्की घेतील.

यजमानांना एक गोष्ट आधीच समजावून ठेवावी. आपल्याकडे देवापुढे डोके झाकणे हा आदर मानतात, तर चर्चमध्ये पुरुषाने टोपी काढणे हा आदर मानतात. म्हणून दारातच टोपी काढून खिशात ठेवावी. त्यात कोणी अपमान करतो असे समजू नये. स्त्रियांनी डोके झाकण्याची पूर्वीची कॅथलिक रीत आता सक्तीची नाही. तरीही सासूबाईंनी सवयीने डोक्यावर पदर घेतला तर कोणी काही म्हणणार नाही. पायांतले मात्र काढायचे नसते. भारतातील अनेक चर्चमध्ये पादत्राणे बाहेर काढतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. युरोपात बूट घालूनच आत जातात आणि बाहेर ते सांभाळण्याची सोयही नसते.

माझ्या मते आपण विचार करायला हवा तो चर्चचा नव्हे, पायांचा आणि थंडीचा. रोम व व्हेनिसमध्ये दिवसभर चालावे लागते, रस्ते दगडी फरशांचे व चौकोनी दगडांचे आहेत आणि अंगठ्याची चप्पल त्यावर तासाभरात त्रास देऊ लागते. साडीखाली कॅनव्हासचे किंवा खेळाचे बूट आणि मोजे घालावेत. दिसायला कसे दिसते याची चिंता करू नये, कारण तिथे कोणी पाहत नाही. मात्र हे बूट महिनाभर आधी घ्यावेत आणि रोज सकाळी घालून चालावे. साडी घोट्याच्या थोडी वर नेसावी, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पदर व निऱ्या हातात धराव्यात. सेंट पीटर्सच्या घुमटावर जायचे झाल्यास एकूण 551 पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी 320 उरतात, आणि वरचा जिना अरुंद व वळणाचा आहे. तिथे खरे सांगायचे तर सासूबाईंचे कासोट्याचे लुगडे आपल्या पाचवारीपेक्षा सोयीचे ठरेल; गुडघ्यांचे काय म्हणतात, एवढेच त्यांना विचारून घ्यावे.

जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना बॅग भरली की गरम कपडे हटकून राहून जातात. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख ही बर्फाळ डोंगरखिंड 3,454 मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यातही तिथे शून्याखालचे तापमान नेहमीचे असते. एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा लुगड्या-साडीखाली थर्मलचे पायघोळ, वर पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट असे थर असावेत. खाली उतरताना एकेक काढता येतो. खळ दिलेल्या सुती साड्या पावसात भिजल्यावर वाळता वाळत नाहीत, तेव्हा लवकर वाळणाऱ्या व इस्त्री न लागणाऱ्या साड्या न्याव्यात.

आणखी एक. सेंट पीटर्सच्या दाराशी विमानतळासारखी तपासणी होते. सासूबाईंच्या चंचीत अडकित्ता असेल तर तो अमळनेरलाच राहू द्यावा. अंगावरचे सोनेही कमीत कमी ठेवावे. रोम व पॅरिसच्या गर्दीत खिसेकापू पुष्कळ आहेत.

प्रश्न : पॅरिसमध्ये लोक चर्चमध्येही बर्म्युडा घालून फिरताना व्हिडिओत दिसतात. मग माझ्या मित्राला रोममध्ये दारावरून परत का पाठवले?
– एक विद्यार्थी वाचक, धुळे

उत्तर : प्रत्येक चर्चचे व्यवस्थापन आपला नियम ठरवते, आणि इटलीतली मोठी चर्च त्याबाबतीत अधिक काटेकोर आहेत. पॅरिसचे नोत्र दाम 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडले. तिथे शालीन वेशाची अपेक्षा असते. रोमसारखी काटेकोर तपासणी नसते. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियामध्ये चड्डी किंवा स्कर्ट निदान अर्ध्या मांडीपर्यंत असावा आणि खांदे झाकलेले असावेत, असा मधला नियम आहे. चार शहरांचे चार नियम पाठ करण्यापेक्षा सर्वांत कडक नियमाला चालेल अशी एक सुती पातळ पँट न्यावी. गुडघ्यापाशी चेन असलेली, खालचा भाग वेगळा होणारी पँट मिळते, तीही उत्तम. बहिणीबरोबर जाणार असाल तर तिच्या पिशवीत एक मोठी ओढणी असू द्यावी, म्हणजे दाराबाहेरच्या विक्रेत्यांकडून ती महागात घ्यावी लागणार नाही. मात्र व्हेनिसच्या सेंट मार्क्समध्ये मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, म्हणून पिशवी लहानच असावी.

प्रश्न : चर्चमध्ये काळे किंवा भडक रंग चालतात का?
– एक वाचक, नवापूर

उत्तर : चालतात. पर्यटकांसाठी रंगाचे बंधन नाही. प्रार्थना चालू असताना बसायचे असेल तर कोणत्याही रंगाचे पण साधे, अंग झाकणारे कपडे असावेत, आणि त्या वेळी फोटोसाठी मध्येच उठू नये.