शाळेकडे नेमके काय आणि कसे मागावे

आपल्या मुलीला अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण) असल्याचे निदान नुकतेच झाले आहे, तेव्हा तोंडी विनंतीवर विसंबू नका. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शाळेची पोच घ्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे शाळेची मदत ही मेहेरबानी नव्हे.

अर्जात ‘मुलीकडे लक्ष द्यावे’ असे मोघम लिहू नये. फळ्यावरचे उतरवताना तिच्या ओळी सुटत असतील, तर पहिल्या बाकावर जागा, टिपणांची छापील प्रत आणि लेखी परीक्षेत जादा वेळ, असे नेमके मागावे. खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल वर्गातील अडचणी समजावून सांगायला उपयोगी पडतो. दहावीच्या मंडळ परीक्षेतील सवलतींसाठी मात्र अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते, पण ती एका भेटीत उरकत नाही, म्हणून आठवीतच नाव नोंदवलेले बरे.

वर्गशिक्षिकांशी गोडीनेच बोला (रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो). शाळेने दाद दिली नाही, तर पोच घेतलेली प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी, आणि तिथेही काम अडले, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी अर्ज करावा.